कोकणातल्या जुन्या वास्तू आणि संग्रहालयांतली चित्रं: गावात कशी आणायची?

कातळवाट

नमस्कार मंडळी,

आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरलाय. मुंबई मंडळाने निम्म्याहून जास्त खर्च उचलायचं कबूल केलंय, बाकी घरटी वर्गणी. आराखडा नेहमीचाच: सभामंडपाचे लाकडी खांब काढायचे, आरसीसी कॉलम घालायचे, वर स्लॅब, खाली ग्रॅनाइट, दर्शनी भागाला टाइल्स. राजापूरपासून वेंगुर्ल्यापर्यंत किती देवळं अशी एका साच्यातली झाली ते तुम्ही बघताच आहात.

बैठकीत मी म्हटलं, खांब तरी ठेवूया. एका मानकऱ्यांनी विचारलं, "ठेवूया, पण त्यांत बघण्यासारखं काय आहे ते सांग." प्रश्न खोचक नव्हता, खरंच विचारलेला होता. आमचे खांब दर काही वर्षांनी ऑइलपेंटने रंगवले गेलेत. आधी हिरवा, मग गुलाबी, आता चॉकलेटी. लहानपणापासून ज्या खांबाला पाठ टेकून भजनं ऐकली त्या खांबाकडे कोण कशाला बघायला जातंय?

मी मोबाइलवर एक फोटो दाखवला. संग्रहालयात ठेवलेला एक जुना लाकडी खांब. चौकोनी बैठक, तिच्यावर सुरूच्या झाडासारखा निमुळता होत गेलेला दांडा, माथ्याला केळफूल आणि त्याच्या वर दोन बाजूंना दोन पोपट. रंग नाही, नुसतं लाकूड, त्यावर सोडलेला दिवा. फोन हातोहात फिरला. गुरवीणकाकूंकडे आला तेव्हा त्या उठल्या, देवाच्या उजव्या अंगाच्या दुसऱ्या खांबापाशी गेल्या आणि वर बोट दाखवून म्हणाल्या, "ह्यो बगा पोपट. चोच तेवडी रंगात गेली." कुणीतरी स्टूल आणलं, कुणी बॅटरी. पोपट होताच. दुसऱ्या बाजूचाही होता, त्याची शेपटी वायरिंगच्या पट्टीखाली गेलेली. मग एक आजोबा सांगायला लागले की हे लाकूड पडावातून खाडीने वर आणलेलं आणि सुतार बाहेरगावचे, ते पावसाळाभर देवळातच राहिलेले. हे मी तोवर कधी ऐकलं नव्हतं, आणि मी त्याच वाडीतला.

ठराव अजून रद्द झालेला नाही. पण कंत्राटदाराला गणपती होईपर्यंत थांबायला सांगितलंय.

त्या दिवसापासून डोक्यात एकच विचार आहे. आपल्या किल्ल्यांची, बंदरांची, देवळांच्या लाकूडकामाची चित्रं आणि नमुने संग्रहालयांत आहेत. काही मुंबईत-पुण्यात, काही थेट लंडनला. ज्यांच्या दारातली ती वास्तू आहे त्यांनी मात्र ती कधीच पाहिलेली नाहीत. त्यांच्या चांगल्या प्रती वास्तूच्या शेजारी आणून मांडल्या आणि "यातलं तुम्हाला काय ओळखता येतंय?" एवढंच विचारलं, तर वारसा जपा म्हणून व्याख्यान द्यावं लागणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

कोकणातल्या वास्तूंची कुठली चित्रं, नकाशे, शिल्पं तुम्हाला माहीत आहेत? कुणी गावात असा प्रयोग केलाय का?

---

दर्यावर्दी

विजयदुर्गापासून सुरुवात करा. डोमिनिक सेरेस नावाच्या चित्रकाराने १७७१ मध्ये 'घेरियाचा पाडाव' रंगवला. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. प्रसंग फेब्रुवारी १७५६ चा, ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हची फौज तुळाजी आंग्र्यांवर चालून आली तेव्हाचा. मोठं तैलचित्र आहे, लंडनजवळ ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात. ब्रिटनमधल्या सार्वजनिक मालकीच्या चित्रांची 'आर्ट यूके' ही मोठी ऑनलाइन सूची आहे, अशी चित्रं शोधायला ती फार उपयोगी पडते.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सेरेस त्या लढाईत नव्हता, घटनेनंतर १५ वर्षांनी त्याने ती रंगवली. त्यामुळे तटबंदीचा पुरावा म्हणून ते चित्र वापरता येणार नाही. दुसरं म्हणजे ते जिंकलेल्याच्या नजरेने काढलेलं आहे. त्यांच्या लेखी आंग्रे लुटारू होते. हे चित्र गावात लावायचं तर शेजारी आपली बाजू लिहिलीच पाहिजे, आणि त्या बाजूत हेही आलं पाहिजे की पेशवे तेव्हा इंग्रजांच्या बरोबर होते. शाळेतल्या पोरांना हे कळू दे. वाघोटन खाडीच्या तोंडाशी उभं राहून, समोर तिहेरी तट बघत हे चित्र हातात धरायचं, यासारखा इतिहासाचा तास दुसरा नाही.

---

थेम्सकाठची

दर्यावर्दींच्या प्रतिसादाला जोडून. मी लंडनच्या आग्नेय भागात राहते. इथे शूटर्स हिलवर जंगलात एक तीन कोनी बुरूज आहे, प्रत्येक कोपऱ्याला एक मनोरा. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. सेव्हर्नड्रूग म्हणजे हर्णैचा सुवर्णदुर्ग! इंग्रजांच्या आरमारातल्या कमोडोर विल्यम जेम्सने एप्रिल १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेतला (आणि मग तो पेशव्यांकडे गेला). जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये त्याच्या आठवणीत हा बुरूज बांधवला. वास्तुरचनाकार रिचर्ड जप.

मुद्दाम सांगते कारण पुढची गोष्ट या धाग्याच्या कामाची आहे. हा बुरूज बरीच वर्षं बंद, खिडक्यांना फळ्या ठोकलेला होता. महापालिकेला खर्च झेपत नव्हता, तो ऑफिससाठी खासगी विकासकाला द्यायचं चाललं होतं. आसपासच्या रहिवाशांनी ते होऊ दिलं नाही. त्यांनी ट्रस्ट केला, २००४ मध्ये बीबीसीच्या वास्तू वाचवण्याच्या एका मालिकेत तो बुरूज झळकला, आणि २०१४ मध्ये दुरुस्त होऊन लोकांसाठी उघडला. स्वयंसेवक तिकिटं देतात, वर गच्चीवरून लंडन दिसतं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिथल्या एका आजींना म्हटलं की मूळ किल्ला माझ्या आजोळाहून दिसतो. त्यांनी मला खाली बसवून घेतलं आणि सगळं विचारलं. तिथे बोटीने जाता येतं का, आत काय उरलंय, लोक तिथे जातात का.

आठवणीत बांधलेला बुरूज वाचवायला लोक एवढे झटले. मूळ सुवर्णदुर्ग तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलाय, मराठा लष्करी स्थापत्याच्या १२ किल्ल्यांपैकी एक म्हणून. हर्णै बंदरात, लिलावाच्या जागेजवळ या दोन्हींची चित्रं शेजारी शेजारी लागावीत असं मला फार वाटतं. इथले चांगले फोटो मी काढून पाठवीन.

---

वाडीतलो

सगळ्यांचा बरोबर आसा, पण माका एक सांगा. आमच्या देवळाचा छप्पर गळता. वासे वाळवीन खाल्ले. कौलां मिळनत नाय, कौलां चढवणारो माणूस मिळना नाय. मुंबयवाले सांगतत स्लॅब घाला, एकदा घातलो की कटकट नाय. तुमी चित्रां लावशात, गावातले लोक बघतीत, बरा म्हणतीत. पावसात देवाच्या डोक्यार पाणी पडला तर चित्र काय करतला?

---

चुनखडी

वाडीतलो, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

चित्राने छप्पर थांबत नाही. पण छप्पर दुरुस्त करायचं की सगळंच पाडायचं हा निर्णय बैठकीत होतो, आणि त्या बैठकीत लोकांच्या डोळ्यांसमोर काय आहे यावर तो ठरतो. समोर फक्त कंत्राटदाराचं थ्रीडी चित्र असेल, चकचकीत कळस आणि निळं आकाश, तर देऊळ पडणारच. त्या थ्रीडीच्या शेजारी तुमच्याच देवळाचं जुनं चित्र किंवा फोटो असला की लोक तुलना करतात. मी हे होताना पाहिलंय.

आता स्लॅबचं. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जांभा सच्छिद्र दगड आहे, पाणी शोषतो आणि ऊन पडलं की सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो, मग पापुद्रे सुटतात, आतला चिरा भुसभुशीत होतो. लाकडावर ऑइलपेंटचे थरावर थर दिले की तेच. वरून तुकतुकीत, आत ओल आणि वाळवी. उतरतं छप्पर पाणी बाहेर फेकतं. सपाट स्लॅबवर पाणी साचतं, काही पावसाळ्यांनी सळ्या गंजायला लागतात, आणि मग त्याच स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात. तुमच्या आसपास अशी किती देवळं आहेत ते बघून या. म्हणजे कटकट संपलेली नसते, शेडचा खर्च वाढलेला असतो.

वासे खराब असतील तर तेवढे बदलता येतात. खराब तुकडा कापून नवं लाकूड सांध्याने जोडता येतं. कौलं चढवणारा मिळत नाही हे मात्र अगदी खरं, त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. दोन-तीन गावांनी मिळून एका तरुण टोळीला शिकवून दरवर्षीचं शाकारणीचं काम द्यावं, एवढंच सुचतं.

आणि कातळवाट, तुमच्या पोपटांवरचा रंग कुणालाही पॉलिश पेपरने किंवा ब्लोटॉर्चने काढू देऊ नका! नक्षी उडून जाईल. एका कोपऱ्यात हातभर जागेवर जाणकाराकडून आधी करून बघा.

---

सुरंगी

मी सावंतवाडीची. आमच्याकडे हा प्रयोग वेगळ्या वाटेने पूर्वीच झालाय, फक्त त्याला कुणी प्रयोग म्हटलं नाही.

गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, ही कला बुडत चालली होती. राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात ती कला पुन्हा उभी केली आणि त्यासाठी राजवाड्याचा दरबार हॉल दिला. आजही लोक गोल पत्ते बघायला येतात. दशावतारी गंजिफेचे १२० पत्ते, दहा रंग, प्रत्येकात बारा. कारागीर तिथेच बसून रंगवत असतात. बारीक कुंचल्याने मत्स्यावताराचे खवले काढताना बघत माणूस उभा राहतो, मग मान वर करतो आणि त्याला दरबार हॉल दिसतो. छत, झुंबरं, कमानी. नुसता "राजवाडा बघा" म्हटलं असतं तर निम्मे लोक मोती तलावावर फोटो काढून गेले असते. कला आणि वास्तू एकत्र राहिली म्हणून दोन्ही टिकली.

याच्या उलट गोष्ट चित्रकथीची. पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या पोथ्या. एका पोथीत एक कथा, कागदावरची चित्रं एकमेकांना पाठीला पाठ लावून चिकटवलेली, एकेक पान उभं धरून कथा गायची. त्यातली जुनी चित्रं पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही आहेत, पैठणी चित्रं म्हणून ओळखली जातात. सुंदर आहेत, मी तासभर हलले नव्हते. पण ती चित्रं भिंतीवर टांगण्यासाठी काढलेलीच नव्हती. सावंतवाडी संस्थानाने ठाकर घराण्यांना गावं नेमून दिली होती, त्या त्या गावच्या देवळात जाऊन त्यांनी कथा सांगायची. म्हणजे सभामंडप हा त्या चित्राचा अर्धा भाग आहे. समईचा उजेड, मागून तुणतुणं आणि हुडूक, खांबांना टेकून बसलेले लोक.

म्हणून माझी सूचना. जीर्णोद्धाराची चर्चा चालू असलेल्या देवळात चित्रकथीचा एक प्रयोग ठेवा, जुन्याच सभामंडपात. पिंगुळीला गंगावणे कुटुंबाने स्वतःच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलंय, परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मंडप कशासाठी बांधला होता ते एकदा अनुभवलं की तो किती उंच असावा, त्यात आवाज कसा घुमतो, खांब किती अंतरावर असावेत, हे लोक आपणहून बोलू लागतील. ग्रॅनाइट आणि टाइल्सच्या खोलीत आवाजाचं काय होतं तेही त्यांना ठाऊक आहे, हरिनाम सप्ताहात सगळ्यांनी ऐकलंय.

---

बाकावरचा मास्तर

सुरंगी, फार सुंदर लिहिलंत.

अलिबागजवळच्या सासवन्याचं कुणी नाव घेतलं नाही म्हणून लिहितो. शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१-१९६७) तिथलेच. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं, ते ऑटो रॉथफील्ड या इंग्रज कलेक्टरने पाहिलं आणि पोराला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जाण्याची वाट करून दिली. त्यांचं घर आज त्यांच्या शिल्पांचं संग्रहालय आहे. अंगणात सिमेंटची म्हैस बसलेली आहे, मुलं हटकून तिच्या पाठीवर हात फिरवतात. आत गावातलीच माणसं शिल्पांतून भेटतात.

शाळेची सहल मी तिथे नेतो तेव्हा आधी घर बघायला लावतो, शिल्पं नंतर. पडवी कुठे संपते, उजेड कुठून येतो, शिल्प त्याच खिडकीजवळ का ठेवलंय. मग परत आल्यावर आपापल्या घराचा एक कोपरा काढून आणायचा. एका मुलीने आजीच्या घराचा दिंडी दरवाजा काढला, कडी-कोयंड्यासकट. कोयंड्याखालचं लाकूड कडी आपटून आपटून वाटीएवढं झिजलं होतं, तेही तिने काढलं होतं. ते चित्र घेऊन वडील मला भेटायला आले. घर विकायचं चाललं होतं. दरवाजा तरी ठेवायचा असं आता ठरलंय म्हणाले.

भिंतीवरच्या एका चित्रामुळे शिल्पकार घडला, आणि आज देवळांच्या भिंती आपण टाइल्सने झाकतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं.

---

नकाशेवेडी

रेवदंड्याबद्दल. पोर्तुगीज इतिवृत्तकार अंतोनियु बोकारोच्या १६३५ च्या ग्रंथात पोर्तुगीज ठाण्यांचे आराखडे आहेत, बारेतु द रेझेंदने काढलेले. त्यात चौल आहे, वसई आहे. मूळ प्रत पोर्तुगालमध्ये एव्होराच्या ग्रंथालयात. पोर्तुगीजांचं चौल म्हणजे आजचं रेवदंडा. तटाच्या आत आता नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि वाडीवाडीत चर्चचे अवशेष. सातखणी मनोरा तर सगळ्यांना माहीत आहे. हा आराखडा मोठा छापून वाडीमालकांसमोर पसरला पाहिजे. कुणाच्या विहिरीशेजारची भिंत मुळात कशाची होती ते कागद सांगेल, आणि आज ती कुठपर्यंत उरलीय ते फक्त वाडीवाल्यांना माहीत असेल. दोन्ही एका कागदावर नोंदवलं तर खरं काम होईल.

रत्नागिरीकरांनी थिबा राजवाडाही धरावा. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला १८८५ मध्ये पदच्युत करून इकडे आणलं, १९१० मध्ये त्याच्यासाठी हा वाडा उभा राहिला, १९१६ मध्ये तो इथेच वारला. आता त्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. म्हणजे वास्तू आणि संग्रह आधीच एका छपराखाली आहेत. अर्धगोल लाकडी खिडक्यांवरच्या कोरीवकामाकडे बघायला कुणीतरी थांबवलं पाहिजे, एवढंच.

---

कलम_कागद

काही व्यवहाराचे मुद्दे.

चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. सेरेसचा प्रश्नच नाही. करमरकरांचा २०२७ अखेरपर्यंत आहे. सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम हळदणकर १९६८ मध्ये गेले, त्यांचा २०२८ अखेरपर्यंत. चित्र मुक्त असलं तरी संग्रहालयाने काढलेला हाय रेझोल्यूशन फोटो त्यांच्या अटींवर मिळतो. साधं पत्र लिहा: कुठल्या गावात, कुठल्या वास्तूजवळ, विनामूल्य. शैक्षणिक कामाला बरीच संग्रहालयं सवलत देतात.

विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग केंद्रीय संरक्षित आहेत. किल्ल्यात परवानगीशिवाय खिळासुद्धा ठोकू नका. एसटी स्टँड, ग्रामपंचायत, शाळेची पडवी, मच्छीमार सोसायटीचं ऑफिस, या जागा उत्तम.

फ्लेक्स नको. खाऱ्या वाऱ्यात आणि पहिल्या पावसात त्याच्या चिंध्या होतात, शिवाय वाढदिवसाच्या बॅनरांत तो हरवतो. चांगल्या कागदावर प्रिंट, सनबोर्डवर चिकटवून, आतल्या भिंतीला. माहिती खाली चार ओळी, मराठीत, मोठ्या अक्षरात. आणि शेजारी एक कोरी वही दोरीने बांधून ठेवा.

मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय बसमध्ये फिरतं प्रदर्शन भरवतं, २०१५ पासून. शाळांनी त्यांना लिहायला हरकत नाही.

---

वाडीतलो

चुनखडी, तुमचा स्लॅबवरच्या शेडीचा म्हणणा पटला. आमच्या शेजारच्या गावात असाच झालासा. सुरंगीबाय सांगतत ता चित्रकथी माज्या आजीन बघितलेला, आमच्याच देवळात. तिका इचारतंय. पण वासे बघूक माणूस पाठवतास काय?

---

चुनखडी

येतो. पाऊस ओसरला की दिवाळीच्या आधी. गाव व्यक्तिगत संदेशात कळवा. तोवर छपराचे आतून फोटो काढा, विशेषतः तुळई भिंतीत शिरते ती टोकं. कुजायला तिथूनच सुरुवात होते. आजींना विचाराल तेव्हा मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

---

कातळवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

कालच्या रविवारी आमच्याकडे पुन्हा बसणं झालं. या धाग्यातले चुन्याचे आणि स्लॅबचे मुद्दे मी वाचून दाखवले. मुंबई मंडळाचे अध्यक्ष फोनवर होते. त्यांचं म्हणणं होतं की लोक वर्गणी नव्या देवळासाठी देतात, दुरुस्तीसाठी हात सैल सुटत नाही. हे खरं आहे आणि त्यावर उपाय शोधायलाच हवा. मला वाटतं दुरुस्तीलाही दिसणारं काहीतरी लागतं. म्हणून ठरवलंय की गणपतीत चाकरमानी येतील तेव्हा सभामंडपात प्रत्येक खांबाजवळ त्याच खांबाचं एक मोठं चित्र ठेवायचं. हायस्कूलच्या मुलांनी काढलेलं, रंगाखाली जे आहे ते शोधून. शेजारी संग्रहालयातल्या खांबाची प्रिंट. मास्तरांच्या विद्यार्थिनीने काढलेल्या कोयंड्यावरून हे सुचलं. आणि एकेका खांबाच्या दुरुस्तीचा खर्च खाली लिहायचा, म्हणजे एखाद्या घराला वाटलं तर तो खांब त्यांनी उचलावा. चुनखडी, प्रत्येक खांबाचा साधारण आकडा काढायला तुमची मदत लागेल. वाडीतलोंकडे याल तेव्हा आमच्याकडेही उतरा, वाटेवरच आहे.

चित्रकथीबद्दल पिंगुळीला फोन केलाय. नवरात्रातली एक तारीख मिळतेय, मानधनाचं बोलणं चालू आहे.

थेम्सकाठची, सेव्हर्नड्रूगचे फोटो उभे नकोत, आडवे पाठवा, दोन फूट रुंद छापता येतील असे. हर्णै-दापोली भागातल्या कुणाची मच्छीमार सोसायटीत किंवा शाळेत ओळख असेल तर इथेच लिहा. भिंत किती मोठी मिळतेय ते आधी कळलं पाहिजे.